समकालीन कलेतील ओळख, संस्कृती आणि ठिकाण: कोल्हापुरातील नवख्या प्रेक्षकासाठी मार्गदर्शक

निसर्गचित्र किंवा व्यक्तिचित्र समोर असले की काय पाहावे हे प्रेक्षकाला फारसे सांगावे लागत नाही. चित्रातला घाट ओळखीचा असतो आणि चेहरा उतरला आहे की नाही हे त्याचे त्याला कळते. अडचण येते ती कोळशाने रेखाटलेली, डोक्याच्या जागी अवजार असलेली माणसे भिंतीवर दिसतात तेव्हा, किंवा मातीत घडवलेले अन्नपदार्थ मांडून ठेवलेले असतात आणि त्यांच्यापुढे किती वेळ थांबावे हेच उमगत नाही तेव्हा. आपण कोण, आपली माणसे कोणती, आपण राहतो ते गाव कोणाचे आणि हे सारे कोणी ठरवले, असे प्रश्न घेऊन काम करणारे अनेक कलावंत आज महाराष्ट्रात आहेत. त्यांचे काम पाहू इच्छिणाऱ्या, पण कलेचे शिक्षण न घेतलेल्या कोल्हापूरकरासाठी हा लेख लिहिला आहे.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला एक सोय आहे आणि एक अडथळाही आहे. चित्रकार, मूर्तिकार, सिनेमाचे पडदे रंगवणारे कारागीर आणि गणपती घडवणारे कुंभार यांच्या शेजारात वाढल्यामुळे हाताचे काम ओळखणारी नजर त्याच्याकडे आधीपासूनच असते, ही सोय. पैलवान, चप्पल, तांबडा-पांढरा रस्सा आणि अंबाबाईचे देऊळ एवढ्यात शहराची ओळख संपवणारे एक तयार चित्र त्याच्या मनात पक्के बसलेले असते, हा अडथळा. हे चित्र खोटे नाही. परंतु त्यावरून इथे कोण राहते, कोण काय काम करते आणि कोणाचे नाव कुठेच येत नाही, हे कळत नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एक सवय लावून घ्यावी: कलाकृतीत काय दाखवले आहे हे विचारण्याआधी ती कशाची केली आहे, तिच्यामागे कोणाचे श्रम आहेत आणि करणारा स्वतः कुठे उभा आहे, हे पाहावे.

पहिली पायरी: टाऊन हॉल आणि मग रंकाळा

समकालीन कलेकडे जाण्यापूर्वी एक दिवस जुन्या चित्रांना द्यावा. भाऊसिंगजी रोडवरची टाऊन हॉलची इमारत चार्ल्स मांट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली, आणि आज तिथे राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. आत शिरल्यावर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू आधी पाहाव्यात. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. समुद्रापलीकडची मूर्ती सातवाहनांच्या काळात व्यापाराच्या वाटेने पंचगंगेच्या काठी येऊन पोहोचली होती, एवढे लक्षात घेतले तरी ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणजे काय याविषयीचा आपला ठामपणा थोडा सैल होतो, आणि ओळख या विषयावरची कला पाहण्यासाठी तो तसा सैल होणे आवश्यक आहे.

त्यानंतर आबालाल रहिमान यांच्या चित्रांपाशी थांबावे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकून कोल्हापुरास परतलेले आणि राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले हे चित्रकार १९३१ साली निवर्तले. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ ही मोजकी ठिकाणे त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवली. एकच चित्र निवडावे आणि निदान दहा मिनिटे त्याच्यासमोरून हलू नये. प्रकाश कोणत्या बाजूचा आहे, पाणी किती जागा व्यापते, माणसे आहेत का आणि असल्यास ती कोणते काम करत आहेत, हे वहीत लिहावे.

मग त्याच दिवशी सायंकाळी रंकाळ्यावर जावे. चित्रकार जिथे उभा राहिला असेल अशी जागा शोधावी आणि समोर जे दिसते त्यातले त्याने काय घेतले, काय वगळले, याचा अंदाज बांधावा. तलावाचे पाणी चढले की संध्यामठ पाण्यात वेढला जातो आणि उतरले की त्याचे दगड उघडे पडतात. कोणत्या ऋतूतला मठ निवडायचा हाही चित्रकाराचाच निर्णय असतो. ठिकाणाचे चित्र म्हणजे ठिकाणाविषयीची निवड असते, ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही. चित्र आणि जागा लागोपाठ पाहिल्यावर ती कायमची पटते. या पायरीला घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पुढच्या सगळ्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत.

सवड असल्यास राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही पाहावे. अभिनेते म्हणून गाजलेल्या मांडरे यांनी पावडर शेडिंगच्या, म्हणजे भुकटीने छटा भरण्याच्या, पद्धतीने केलेली निसर्गचित्रे तिथे जवळून पाहता येतात.

दुसरी पायरी: देखाव्याकडून प्रश्नाकडे

आबालाल यांच्यानंतरच्या पिढीतील बाबूराव पेंटर चित्रकार होते, शिल्पकार होते आणि १९१७च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे चित्रपटकारही होते. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. पौराणिक कथांच्या त्या काळात त्यांनी सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहराकडे जाणारा शेतकरी पडद्यावर आणला. रंगवलेले पडदे आणि राजवाड्यांची दृश्ये ज्याच्या हाताला सहज साधत होती, त्याने झोपडी आणि तिच्यातला अंधार निवडला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. गाव सुंदर दिसते का, हा प्रश्न तिथे मागे पडला आणि गावात कोणाला राहता येत नाही, हा प्रश्न पुढे आला. आजच्या कलावंतांचा प्रश्न याच जातीचा आहे.

हा धागा पकडून सुधीर पटवर्धन यांच्याकडे जावे. १९४९ साली पुण्यात जन्मलेल्या पटवर्धनांनी ठाण्यात अनेक वर्षे रेडिऑलॉजिस्ट म्हणून व्यवसाय केला आणि त्याबरोबरीने ठाणे-मुंबई परिसरातील रस्ते, पूल, रेल्वेचे फलाट, इराणी हॉटेले, कामगार वस्त्या रंगवल्या. त्यांची चित्रे ओळखीच्या आकारांची असल्यामुळे नवख्या प्रेक्षकाला समकालीन कलेत शिरण्यासाठी ती सर्वांत सोयीची आहेत. पाहताना एक गोष्ट करावी: चित्रातली माणसे एकमेकांकडे पाहत आहेत का, हे तपासावे. पुष्कळदा ती पाहत नसतात. एकाच रस्त्यावर असूनही प्रत्येकाचे शहर वेगळे असते, हे त्यांच्या नजरांच्या दिशांवरून उमगू लागते. मग एखाद्या शनिवारी महाद्वार रोडवर उभे राहून गर्दीकडे त्याच रीतीने पाहावे.

तिसरी पायरी: माध्यम वाचणे

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण समकालीन कलेचा अर्थ बहुतेक वेळा विषयापेक्षा माध्यमात अधिक असतो.

प्रभाकर पाचपुते हे १९८६ साली जन्मलेले, चंद्रपूरजवळच्या सास्ती या कोळसा खाणीच्या गावातून आलेले कलावंत आहेत. त्यांच्या घरातील माणसांनी खाणीत काम केलेले आहे. ते भिंतीवर आणि कापडावर कोळशाने मोठी रेखाटने करतात; त्यांच्या चित्रांतील माणसांच्या डोक्याच्या जागी कधी दिवा असतो, कधी अवजार, कधी यंत्राचा भाग. प्रेक्षकाने येथे आधी कोळसाच पाहावा. ज्या पदार्थाने गावाची जमीन पोखरली, गावाला मजुरी दिली आणि गावाची हवा काळी केली, त्याच पदार्थाच्या काळ्या भुकटीने गावाची गोष्ट सांगितली जात आहे. हे एकदा ध्यानात आले की डोके नसलेल्या माणसांचे कोडे राहत नाही: खाण कामगाराला त्याच्या कामापुरतेच ओळखते, आणि कलावंताने तेवढेच शिल्लक ठेवून दाखवले आहे.

आता हीच रीत कोल्हापुरातील पदार्थांना लावावी. शाडूची माती, नदीचा गाळ, उसाचे चिपाड, गुऱ्हाळातल्या काहिलीवरची मळी, जोतिबाच्या डोंगरावरचा गुलाल, हुपरीची चांदी, तालमीच्या हौद्यातली तांबडी माती: यांतला प्रत्येक पदार्थ कोणाच्या तरी हाताशी, जातीशी, ऋतूशी आणि बाजारभावाशी बांधलेला आहे. कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत आता असे पदार्थ वापरलेली कामे दिसू लागली आहेत. ती पाहताना विचारावे की पदार्थ केवळ रंगासाठी आला आहे की त्याच्यामागचे काम, वास, घाम आणि माणूस यांच्यासह आला आहे.

चप्पल हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. म्हणजे जिला आपण केवळ आपली मानतो ती वस्तू दोन राज्यांतील कारागिरांची आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच घडणीची पादत्राणे उगमाचा उल्लेख न करता दाखवली. महाराष्ट्रातून जोरदार आक्षेप आल्यावर भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. त्या दिवसांत आपण सगळे अभिमानाने आणि संतापाने बोललो, आणि ते योग्यच होते. परंतु कातडे कमावणारा ढोर समाज, चप्पल शिवणारा चर्मकार समाज आणि घरी बसून वेणी घालणाऱ्या बायका यांची नावे त्या अभिमानातही क्वचितच आली. ‘कोल्हापुरी’ हा शब्द जगाने उचलला आणि कारागीर मागेच राहिला, यात परक्या कंपनीचा वाटा आहे तसा आपलाही आहे.

म्हणून एखाद्या प्रदर्शनात चप्पल दिसली, मग ती चित्रात असो, शिल्पात असो किंवा छतापासून टांगलेली असो, तर लगेच ‘आपली कोल्हापुरी’ म्हणून पुढे जाऊ नये. पट्टा, वेणी, कान, तळ यांपैकी कलावंताने काय ठेवले आणि काय काढले, कातडे खरे आहे का, ते कमावल्याच्या खुणा दिसतात का, शिवणाऱ्याचे नाव कुठे लिहिले आहे का, हे पाहावे. जाण्याआधी सुभाषनगर किंवा जवाहरनगर भागात एखाद्या कारागिराची परवानगी घेऊन त्याचे काम तासभर पाहिलेले असेल, तर या प्रश्नांची उत्तरे पाटी न वाचताही मिळतात.

चौथी पायरी: बोलणारा कुठे उभा आहे

ओळखीविषयीच्या कलेत, गोष्ट कोण सांगते आहे याला फार वजन असते. नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्यता आणि देवदासी हे विषय रेखाटनांत आणि मुद्राचित्रांत (ठशावरून छापलेल्या चित्रांत) ज्या तिखट रेषेने मांडले, ती रेषा दुरून पाहणाऱ्याची नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला दर वर्षी कोल्हापुरातून हजारो भाविक जातात. त्यामुळे देवदासीचे चित्र समोर आले की इथल्या प्रेक्षकाची श्रद्धा, शरम आणि कणव एकदमच जागी होते. अशा वेळी नजर वळवू नये. आपल्याला नेमके काय टोचले हे वहीत एका वाक्यात लिहून ठेवावे आणि मग पुन्हा चित्राकडे पाहावे.

पुण्यात जन्मलेल्या राज्यश्री गुडी यांनी अन्न हा विषय घेतला. दलित लेखकांच्या आत्मकथनांत भुकेचे, शिळ्या भाकरीचे, मागून आणलेल्या अन्नाचे जे प्रसंग येतात, त्यांतून त्यांनी पाककृती वेगळ्या काढल्या, आणि मातीतून अन्नपदार्थ घडवले. हे काम समजण्यासाठी कोल्हापूरकराला दूर जावे लागत नाही. गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठिंब्याने याच शहरात हॉटेल काढले आणि स्वतः महाराज तिथे चहा घेत, ही हकीकत इथे घरोघर माहीत आहे. एक कप चहा राजकीय कृती ठरू शकतो, हे ज्या गावाने पाहिले आहे, त्या गावाला मातीच्या पदार्थांतला अर्थ परका वाटायला नको.

मुंबईचे अमोल पाटील चाळीतले जगणे, सफाई कामगारांचे श्रम आणि घरातून आलेला पोवाड्याचा व नाटकाचा वारसा यांतून रेखाटने, शिल्पे, ध्वनी आणि सादरीकरण घडवतात. २०२२ साली जर्मनीतील कासेल येथे भरलेल्या पंधराव्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांचे काम होते. त्यांच्या कामात आवाज हा मोठा भाग असतो, म्हणून तिथे कानही उघडे ठेवावेत. शाहिराची ललकारी ऐकत वाढलेल्या श्रोत्याला हे जड जाणार नाही.

पाचवी पायरी: परंपरेला ‘जुनी’ म्हणून बाजूला न ठेवणे

समकालीन म्हणजे शहरी आणि परंपरागत म्हणजे कालबाह्य, ही वाटणी मनातून काढावी. वारली समाजात लग्नाचा चौक स्त्रिया लिहीत असत. जिव्या सोमा म्हसे यांनी ते चित्रण रोजच्या साधनेचा विषय केला, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. कोल्हापुरातून घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीस गेल्यास ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा पाहता येते. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरवण्यात आले. या सहलीत पोथीतील चित्रे नुसती पाहून परतू नये. कथा सांगणाऱ्याच्या तोंडून, वाद्याच्या साथीने ती ऐकावीत, कारण चित्रकथीतील चित्र गायनाशिवाय अर्धेच असते.

कणेरी मठाचे सिद्धगिरी संग्रहालय बहुतेकांनी पाहिलेले असते. यंत्रयुगापूर्वीचे खेडे, बारा बलुतेदार, शेती आणि घरकाम तिथे माणसाएवढ्या शिल्पांतून उभे केले आहे, आणि शिल्पकारांचे कसब थक्क करणारे आहे. एकदा पुन्हा जावे आणि या वेळी प्रत्येक दृश्यापाशी विचारावे की हे काम करणाऱ्याला मोबदला काय मिळत होता, त्याचे घर गावात कोणत्या दिशेला होते आणि पाणी त्याला कोणत्या विहिरीवर मिळत होते. शिल्पे गावगाड्याचा एकोपा दाखवतात. हे प्रश्न प्रेक्षकाने आपल्याबरोबर न्यावे लागतात.

सहावी पायरी: प्रदर्शनाच्या दालनात

दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात वर्षभर प्रदर्शने होतात. कलानिकेतन आणि दळवीज यांसारख्या कलासंस्थांची विद्यार्थी प्रदर्शनेही चुकवू नयेत, कारण नव्या पिढीला कोणते प्रश्न पडत आहेत हे तिथे आधी दिसते. उद्घाटनाच्या दिवशी सत्कार आणि भाषणे असतात. शांतपणे पाहायचे असल्यास दुसऱ्या दिवशी दुपारी जावे. शासकीय संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात.

दालनात एक फेरी न थांबता मारावी, मग ज्या दोन-तीन कामांनी पाय अडवले त्यांच्याकडे परतावे. पाटी शेवटी वाचावी. कलावंत उपस्थित असेल तर ‘याचा अर्थ काय’ असे विचारू नये, कारण त्यावर पाठ केलेले उत्तर मिळते. हा पदार्थ कुठून आणला, हे करताना काय बिघडले, हे काम तुमच्या घरच्यांनी पाहिले का, असे विचारावे. बोलणे आपोआप खुलते. छायाचित्र परवानगीनेच काढावे आणि ते पुढे पाठवताना कलावंताचे नाव लिहावे.

मोठ्या शहरांतले काम पाहायचे असल्यास महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते. तिथून काळाघोडा परिसर चालण्याच्या अंतरावर असून १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी आणि समोरचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय एका दिवसात होतात. त्याहून जवळचा पर्याय पणजीचा आहे, जिथे २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो.

सातवी पायरी: स्वतः एक छोटे काम करून पाहणे

पाहणे पक्के होण्यासाठी हाताने काहीतरी करावे लागते, आणि त्यासाठी चित्रकला येण्याची गरज नाही. पंचगंगेच्या पुराचा विषय घ्यावा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे पावसाळ्यात शहरातल्या लहान मुलालाही पाठ असतात; २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. आपल्या ओळखीतले, पुराचे पाणी शिरलेले एक घर निवडावे आणि घरच्यांची परवानगी घेऊन भिंतीवर पाणी कुठवर आले होते ते विचारावे. तेवढ्या उंचीची कागदाची पट्टी कापावी. नदीकाठचा गाळ पाण्यात कालवून ती पट्टी रंगवावी, आणि कोणत्या उंचीला घरातली कोणती वस्तू भिजली, कोणती आधी उचलली गेली, हे घरच्यांच्याच शब्दांत तिच्यावर लिहावे.

हे करताना निवडीचे प्रश्न एकामागून एक येतील. गाळ काळा निघाला तर तो तसाच ठेवायचा की उजळ करायचा, घरच्या बाईने सांगितलेली वस्तू लिहायची की पुरुषाने सांगितलेली, भाडेकरूची खोली मोजायची की घरमालकाची, याचा निर्णय प्रत्येक वेळी आपल्यालाच घ्यावा लागेल. प्रत्येक निर्णय आणि त्याचे कारण वहीत टिपून ठेवावे. पट्टी पूर्ण झाल्यावर ती सर्वांत आधी त्या घरातल्या माणसांना दाखवावी, त्यांनी सांगितलेली दुरुस्ती करावी, त्यांची हरकत नसेल तरच ती बाहेर कोणाला दाखवावी, आणि मागच्या बाजूला आपल्या नावाबरोबर, त्यांची संमती असल्यास, त्यांचीही नावे लिहावीत.